नवस फेडणारा सेनानी

मुंबईच्या मशीद बंदर स्थानकातून रोज हजारो प्रवासी ये-जा करतात. स्थानकापासून जवळच, मांडवी भागात, सॅम्युएल स्ट्रीट नावाचा गजबजलेला रस्ता आहे. तेथील ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला बेने इस्रायल समाज 'जुनी मशीद' म्हणत आला आणि स्थानकाचे नावही त्यावरूनच पडले, असे सांगितले जाते. या मंदिराच्या मुळाशी आहे एका सैनिकाचा नवस. त्या सैनिकाचे नाव सॅम्युएल इझिकेल दिवेकर. कोकणी वळणाने समाजी हसाजी दिवेकर.

बेने इस्रायलांची मूळ भूमी रायगडचा किनारा. अलिबागजवळच्या नवगाव येथे फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. किनाऱ्यावरील गावांत ते तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले. गावांवरून त्यांना पेणकर, चेऊलकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर अशी आडनावे मिळाली. भाषा मराठी झाली, पेहराव कोकणी झाला. धर्मग्रंथ हाती उरले नव्हते; तरीही शब्बाथ, सुंता आणि एकाच ईश्वराची ग्वाही देणारी 'शमा' ही प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. सामुदायिक उपासनेसाठी स्वतंत्र मंदिर मात्र त्यांच्यापाशी नव्हते.

अठराव्या शतकाच्या मध्यास या समाजातील कुटुंबे मुंबईस येऊ लागली. त्यांत दिवेकरांचे घराणे आघाडीवर होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात अनेक बेने इस्रायल तरुण भरती झाले. समाजी त्यांपैकीच एक. कर्तृत्वाच्या बळावर ते कमांडंट या, देशी शिपायांमधील मोठ्या हुद्द्यापर्यंत पोहोचले.

दुसऱ्या म्हैसूर युद्धात, १७८३ मध्ये, जनरल मॅथ्यूज यांच्या हाताखालील मुंबईच्या फौजेने बेदनूर जिंकले. परंतु काही महिन्यांतच टिपू सुलतानाने वेढा घालून ते परत घेतले. शरण आलेल्या फौजेबरोबर समाजीही कैद झाले. पुढे काय घडले याची एक कथा समाजाने जतन केली आहे. कैद्यांना जात विचारली असता त्यांनी आपण बेने इस्रायल असल्याचे सांगितले. टिपूच्या मातेला हे नाव कुराणातून परिचित होते. तिने रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले. बंदिवासात समाजींनी नवस केला होता, की सुखरूप सुटलो तर ईश्वराचे मंदिर बांधीन.

युद्धाच्या तोंडावर नवस बोललेल्या एका सेनानीची कथा ज्यूंच्या पवित्र ग्रंथातही आहे. इफ्ताह हा गिलादचा शूर वीर. भावांनी त्याला घराबाहेर काढले होते. पण अम्मोनी चालून आले तेव्हा त्याच वडीलधाऱ्यांना त्याच्या दाराशी जावे लागले. लढाईपूर्वी त्याने ईश्वराला वचन दिले, की जय मिळाल्यास परतताना घरातून प्रथम जे सामोरे येईल ते अर्पण करीन. जय मिळाला. डफ वाजवीत, नाचत सामोरी आली ती त्याची एकुलती एक कन्या. इफ्ताहने आपण काय देणार हे न ठरवताच शब्द दिला आणि त्याचे मोल दुसऱ्याच जिवाने चुकवले. त्याच्या शौर्याविषयी कोणाला शंका नाही. त्याचा नवस मात्र भाविकांना आजही अस्वस्थ करतो.

समाजींचा नवस वेगळ्या जातीचा होता. त्याचा भार त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर होता आणि फळ सर्वांसाठी होते. शिवाय संकटात बोललेला शब्द संकट टळल्यावर सहज विरतो. समाजींचा विरला नाही. १७८४ मध्ये मंगळूरच्या तहाने युद्ध संपले. त्यानंतर तब्बल बारा वर्षे लोटली, तरी त्यांना आपल्या वचनाचा विसर पडला नाही. १७९६ मध्ये मुंबईतील पहिले ज्यू प्रार्थनामंदिर त्यांनी उभे केले. आज ते 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, या नावाने ओळखले जाते. बंदिवासातून दया लाभलेल्या माणसाच्या वास्तूला याहून समर्पक नाव कोणते?

भिंती उभ्या राहिल्या, तरी चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्यांवाचून मंदिर अपुरे होते. त्या आणण्यासाठी समाजी कोचीनला गेले. तेथील ज्यूंकडे ग्रंथ आणि विद्या यांची अखंड परंपरा होती. १७९७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. नवसाचा अखेरचा भाग पुरा करण्याच्या वाटेवरच हा सेनानी निघून गेला. १८६० मध्ये मंदिर त्याच परिसरात आजच्या जागी हलले. उपासना सुरूच राहिली.

भाविकांनी या चरित्रातून घ्यावयाचा बोध साधा आहे. नवस बोलण्यापूर्वी त्याची किंमत कोण मोजणार, हे पाहावे. तो अशा गोष्टीचा असावा, की फेडल्यावर आपल्याबरोबर इतरांचेही भले व्हावे. आणि सुटकेनंतरच्या निवांत वर्षांत तो आठवावा. श्रद्धेची खरी कसोटी तेथेच लागते. अलिबागजवळ खंडाळ्याला, जिथे एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण उमटल्याचे मानतात, बेने इस्रायल कुटुंबे आजही नवस फेडण्यासाठी येतात. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करून कृतज्ञतेने वाटतात. मागणे मागून झाल्यावर परत येऊन आभार मानण्याची ही रीत समाजींनी आयुष्य वेचून पाळली.