सुशीला नायर

डॉ. सुशीला नायर (२६ डिसेंबर, १९१४ - ३ जानेवारी, २००१) या महात्मा गांधींच्या वैद्यकीय सल्लागार, स्वातंत्र्यसैनिक, केंद्रीय आरोग्यमंत्री आणि वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या संस्थापक होत्या. गांधींचे सचिव प्यारेलाल हे त्यांचे थोरले बंधू. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्या १९३९ मध्ये सेवाग्रामला आल्या.

पटकीची साथ

त्यानंतर थोड्याच काळात वर्धा परिसरात पटकीची (कॉलरा) साथ पसरली. या तरुण डॉक्टरने ती जवळजवळ एकटीने हाताळली. पटकीत रोगी दगावतो तो मुख्यतः पाणी व क्षार गमावल्याने. जंतूंच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकतात आणि परासरणामुळे पाणीही त्यामागोमाग आतड्यात उतरते. भाताच्या पेजेसारखे जुलाब होऊन शरीर काही तासांत सुकते. हे विष शंभूनाथ डे यांनी कोलकात्यात दाखवून दिले ते १९५९ साली, म्हणजे या साथीनंतर वीस वर्षांनी.

गेलेले पाणी भरून काढणे वाटते तितके सोपे नसते. शुद्ध पाणी थेट शिरेत सोडल्यास ते रक्ताच्या तुलनेत अवपरासारी ठरते. पाणी तांबड्या पेशींत शिरून त्या फुगतात व फुटतात. मीठ अधिक झाल्यास द्रावण अतिपरासारी होते आणि पेशी पाणी गमावून आकसतात. लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ असलेल्या समपरासारी द्रावणात मात्र त्यांचा आकार टिकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी मुद्दाम थोडे अधिक खारट द्रावण शिरेतून देऊन पटकीचे मृत्यू पुष्कळ कमी केले होते. परंतु निर्जंतुक द्रावण, सुई आणि ती टोचणारा जाणता माणूस या तिन्ही गोष्टी खेड्यात दुर्मीळ होत्या. नायर यांच्या पुढील कार्याचा रोख याच उणिवेकडे राहिला.

नंतरचे कार्य

१९४२ च्या आंदोलनात त्यांना गांधींसह पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. तेथे त्यांनी कस्तुरबांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. पुढे कस्तुरबांच्याच नावाने सेवाग्रामात रुग्णालय उभे राहिले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या.

१९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, कस्तुरबा रुग्णालयाला जोडून त्यांनी वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. ते देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. येथील नव्या विद्यार्थ्यांना आरंभी आश्रमात राहावे लागते आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते.