दुसऱ्यांचा पैसा जपणारे न्यायमूर्ती

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा मंडळींना वाटलं असेल की मी बँकेतल्या आठवणी लिहीन. पण मला लिहायचं आहे लुई ब्रँडाइस यांच्याबद्दल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले ज्यू न्यायमूर्ती. आपल्याला ज्यू समाज माहीत तो कोकणातल्या शनवार तेल्यांचा. मग ढाणकीत बसून या गृहस्थांची आठवण कशाला? ते शेवटी सांगतो.

१३ नोव्हेंबर १८५६ रोजी केंटकी राज्यातल्या लुईव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. आईवडील प्रागहून आलेले. हार्वर्डला कायदा शिकताना डोळे इतके अधू झाले की सोबतचे विद्यार्थी पुस्तकं वाचून दाखवत आणि हे ऐकून लक्षात ठेवत. तरी वयाच्या विसाव्या वर्षी उत्तम गुणांनी पदवी मिळवली. बोस्टनमध्ये वकिली जोरात चालली. पण लोकहिताच्या कामाची फी ते घेत नसत. उलट त्यात गेलेल्या वेळेची भरपाई स्वतःच्या खिशातून आपल्याच फर्मला देत.

त्या काळी कामगार दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरून विमा उतरवत. हप्ते थकले की पॉलिसी बंद, भरलेले पैसेही बुडाले. ब्रँडाइस यांनी आकडेमोड करून हे मांडलं आणि १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या बचत बँकांना स्वस्त विमा विकू देणारा कायदा करवून घेतला.

१९१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी त्यांचं नाव न्यायमूर्तीपदासाठी सुचवलं, तेव्हा बडी मंडळी उलटली. ज्यू असणं हेही अनेकांना खुपत होतंच. चार महिने चौकशी चालली. शेवटी ४७ विरुद्ध २२ मतांनी निवड झाली. पुढे एक सहकारी न्यायमूर्ती तर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलतही नसत. तरी जवळजवळ तेवीस वर्षं त्यांनी शांतपणे काम केलं.

१९२८ मध्ये एका खटल्यात सरकारने आरोपींचे फोन चोरून ऐकले होते. बहुमताचं म्हणणं, कोणी घरात तर शिरलं नाही, मग बिघडलं काय? ब्रँडाइस यांनी विरोधी निकाल लिहिला आणि ते अल्पमतात राहिले. १९४१ मध्ये ते वारले. १९६७ मध्ये त्याच न्यायालयाने आपली चूक सुधारली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला.

आता संबंध सांगतो. काउंटरवर म्हातारी माणसं पासबुक पुढे करून हळूच विनवायची, किती शिल्लक आहे ते पोराला कळू देऊ नका. तेव्हा मला ब्रँडाइस नीट कळले. लोकांच्या पैशाचा हिशेब उघडा असावा आणि माणसाचं घर झाकलेलं. आपणही सोसायटीची वही दरवर्षी सर्वांपुढे ठेवतो, पण शेजाऱ्याकडे जाताना दार वाजवूनच आत जातो. पंचवीस वर्षं निभावली ती यामुळेच. पुढची पंचवीस तुम्ही पोरांनी निभवायची आहेत.