पंडिता रमाबाई व आत्मिक पारख

उफणल्यावाचून कोणी शेतकरी खळ्यावरचे धान्य घरात नेत नाही, आणि सुपात पाखडून, खडे वेचल्यावाचून कोणी गृहिणी ते जात्यात घालीत नाही. परंतु आत्मिक गोष्टींत आपण इतकी काळजी घेत नाही. कोणास स्वप्न पडले, कोणी मोठ्याने रडून प्रार्थना केली, परगावचा उपदेशक काही नवीन सांगून गेला, की आपण ते जसेच्या तसे पदरात घेतो. अथवा भिऊन सगळेच टाकून देतो. खरे ते ओळखून घेण्याची पारख पंडिता रमाबाईंस किती कष्टाने साधली, ते आज पाहू.

रमाबाईंचा जन्म 1858 साली झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान व सत्यशील होते. त्यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते रमाबाईंस शिकविले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत फिरले. पुण्य लाभेल म्हणून जे जे सांगण्यात आले ते ते त्यांनी मनापासून केले. होते नव्हते ते द्रव्य दानात वेचले. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईबाप अन्नावाचून गेले आणि मागोमाग थोरली बहीणही गेली. भक्ती कितीही कळकळीची असली तरी तिचा आधार कोणता हे पाहिले पाहिजे, हा धडा रमाबाईंच्या मनावर तेव्हाच कोरला गेला.

पुढे कलकत्त्यास त्यांच्या विद्वत्तेचा मोठा गौरव झाला. विवाह झाला, कन्या मनोरमा झाली, आणि 1882 साली वैधव्य आले. 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या व तेथे वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनींनी त्यांस मायेने सांभाळले. तथापि वडीलधारी मंडळी म्हणतात एवढ्याच कारणाने कोणतेही मत स्वीकारण्यास रमाबाई तयार नव्हत्या. त्या प्रश्न विचारीत, शास्त्र उघडून पाहत. उपकार त्या विसरल्या नाहीत. परंतु आपली सद्सद्विवेकबुद्धी त्यांनी उपकाराच्या मोबदल्यात दिली नाही.

1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, त्या वेळी दार उघडे असे, आणि ज्या मुलींस वाटे त्या येऊन बसत. यावरून मोठा गवगवा झाला. 1893 साली सल्लागार मंडळींनी आपला संबंध तोडला व पुष्कळ मुली काढून नेण्यात आल्या. रमाबाईंनी कोणावर जुलूम केला नाही, परंतु लोकभयास्तव दारही लावले नाही.

आता जी गोष्ट सांगावयाची ती आम्हां पाळकांनी व उपदेशकांनी विशेष लक्षात घ्यावी. बाप्तिस्म्यास आठ वर्षे झाल्यावर, 1891 च्या सुमारास, रमाबाईंनी विल्यम हॅझ्लम नामक इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त वाचले. हा गृहस्थ पुष्कळ दिवस उपदेश करीत होता, पण त्यास स्वतःस नवा जन्म नव्हता. ते वाचून रमाबाईंनी आपलेच अंतःकरण सुपात घेतले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्तास जवळ केले नाही, असे त्यांस दिसून आले. एवढी विख्यात बाई, परंतु ही उणीव तिने झाकली नाही. प्रभूच्या चरणी ती मान्य केली व शांती पावली. सर्वांत अवघड पारख आपली आपणच करावयाची असते.

1896 साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. हाती पुरेसा पैसा नव्हता. परंतु स्वतःच्या भुकेची आठवण व प्रार्थनेत आलेली प्रेरणा या दोहोंनी त्यांस स्वस्थ बसू दिले नाही. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो अनाथ मुलींस घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन असे वाढले.

1905 साली तेथे मोठी जागृती झाली. मुली रडत, पापे कबूल करीत, तासन् तास प्रार्थना करीत. कित्येकांनी नावे ठेवली. रमाबाईंनी केवळ आरडाओरडीवरून ते खरेही मानले नाही व खोटेही ठरविले नाही. त्यांनी फळ पाहिले. जीवने पालटली होती, आणि त्याच मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास जात होत्या.

उतारवयात, अडाणी बायाबापड्यांसही वचन समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. 1921 साली मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूजवळ गेल्या. ज्या वचनावर त्यांनी आयुष्यभर सर्व काही पारखले, तेच त्या मागे ठेवून गेल्या.

बंधुभगिनींनो, शेत विकावे की ठेवावे, मुलीचे लग्न कोठे जमवावे, भांडलेल्या शेजाऱ्याकडे आधी आपण जावे की नाही, असे प्रसंग आपल्या घरी नित्य येतात. अशा वेळी घाई करू नका. ही प्रेरणा वचनाशी जुळते काय? हिने ख्रिस्ताचे गौरव होते की माझा मान वाढतो? हिचे फळ दुबळ्यांच्या पदरी पडते काय? एवढे प्रभूसमोर बसून विचारा, आणि सूप प्रथम स्वतःच्या अंतःकरणासाठी हाती घ्या. ज्याने त्या पोरक्या मुलीस वाट दाखविली, तो आपणांसही दाखवील.