७५ रुपयांचे प्रोफेसर

नॅकची टीम येणार म्हटल्यावर कॉलेजात सर-मॅडमची जी पळापळ होते, ती तुम्ही बघितलीच असेल. फायली, फॉर्म, फोटो. लेक्चर मात्र ऑफ! शिक्षकाचा वेळ नक्की कुणाचा, यावर पुण्यात १८९० मध्ये जोरदार भांडण झालं होतं. त्याच्या मधोमध होते चोवीस वर्षांचे एक प्रोफेसर, गोपाळ कृष्ण गोखले.

जन्म १८६६ चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. वडील लवकर गेले. मोठ्या भावाने नोकरी धरून यांना शिकवलं. एल्फिन्स्टनमधून बीए झाल्यावर गोखले पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले आणि विशीतच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. म्हणजे काय, तर २० वर्षं संस्थेला द्यायची आणि पगार महिना ७५ रुपये. डोक्यावर वेगळी मॅनेजमेंट नाही. फर्ग्युसन कॉलेज चालवणारेही हेच शिक्षक.

मग भांडण कशावरून? पगारवाढ आणि बाहेरची कमाई यावरून आधीच धुसफूस होती. त्यात गोखल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांच्या शब्दाखातर सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं. टिळकांचं म्हणणं स्पष्ट होतं: आजीव सदस्याचा सगळा वेळ संस्थेचा. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला आणि कॉलेजचा गणिताचा खंदा शिक्षक गेला.

भार कुणावर? गोखल्यांवर. इंग्रजी होतंच, त्यात गणित. १८९१ मध्ये धोंडो केशव कर्व्यांना मुंबईहून बोलावून घेतलं, तेव्हा कुठे गणिताची सोय लागली. पुढे गोखले इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवू लागले. ऑर्डर द्या, त्या विषयाचा प्रोफेसर हजर, अशी त्यांची थट्टाही व्हायची. शिवाय सुट्टी लागली की कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडायचं. अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं, तेही भरपूर खपलं.

टिळकांचा मुद्दा मला साफ चुकीचा वाटत नाही. पण रानड्यांनी सरकारी अहवाल आणि आकडे यांच्याकडून घोटून घेतले नसते, तर वर्गात अर्थशास्त्र नुसतं पुस्तकी राहिलं असतं, असंही वाटतं. त्याच अभ्यासावर १८९७ मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. १९०२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गेले. तिथे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं. ते फेटाळलं गेलं. १९१५ मध्ये, ४८ व्या वर्षी ते वारले.

त्याआधी, १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज काढला होता. सदस्यांसाठी नियम असा: स्वतःसाठी पैसा कमवायचा नाही, संस्था देईल तेवढ्यात भागवायचं. १८९० मध्ये टिळक काय मागत होते, आठवतंय ना?