डॉक्टर जॉन विल्सन

विल्सन हे आडनाव इंग्रजी मुलखात घरोघर आढळते. परंतु मुंबईस ते उच्चारताच डॉक्टर जॉन विल्सन यांचे स्मरण होते. स्कॉटलंडात १८०४ साली जन्मलेले हे प्रभूचे सेवक १८२९ साली पत्नी मार्गारेट यांजसह मुंबईस आले व मराठी शिकले. बाईंनी मुलींच्या शाळा चालविल्या. साहेबांनी १८३२ साली मुलांकरिता इंग्रजी शाळा काढिली. १८३५ साली बाई प्रभूत निजल्या. १८३९ साली दोघा पारशी तरुणांचा बाप्तिस्मा होताच बहुतेक मुले पालकांनी शाळेतून काढून नेली. तरी साहेबांनी शाळा सोडिली नाही, शुभवर्तमान सांगणेही सोडिले नाही. १८७५ साली मुंबईतच ते निवर्तले. तीच शाळा वाढून विल्सन कॉलेज झाली. बंधूंनो, आपल्या गावची शाळा ओस पडली, तर हे स्मरावे.