पक्ष्यांच्या विष्ठेच्या पैशातून गुलाम मुक्त झाले, पण ती विष्ठा खणली कोणी?

पेरूमध्ये रामोन कास्तिया यांची ओळख गुलामगिरी संपवणारे राष्ट्राध्यक्ष अशी आहे. पण त्यासाठी लागणारा पैसा कुठून आला माहितीये? समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून!

कास्तिया यांचा जन्म १७९७ चा, तारापाका भागातला. तरुणपणी ते स्पेनच्या राजाच्या सैन्यात होते. पुढे त्यांनी बाजू बदलली आणि १८२४ मध्ये आयाकुचोच्या लढाईत स्वातंत्र्यासाठी लढले. १८४५ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले.

तेव्हा पेरूला जणू लॉटरीच लागली होती. पिस्को बंदरासमोरच्या चिंचा बेटांवर पाऊस जवळपास पडतच नाही. त्यामुळे पाणकावळे आणि पेलिकन यांची विष्ठा शतकानुशतकं साठत गेली. काही ठिकाणी तर ३० मीटरहून उंच थर! यालाच म्हणतात ग्वानो. नायट्रोजन आणि फॉस्फरसने भरलेल्या या खताला युरोप, अमेरिकेत प्रचंड मागणी होती. ग्वानो सरकारी मालकीचा, त्यामुळे तिजोरी भरू लागली.

१८५४ मध्ये कास्तिया सत्तेबाहेर होते आणि राष्ट्राध्यक्ष एचेनिके यांच्याविरुद्ध बंडात उतरले होते. त्याच वर्षी त्यांनी आधी मूलनिवासींवरचा कर रद्द केला आणि डिसेंबरमध्ये गुलामगिरी संपवल्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात ते जिंकले. सुमारे २५ हजार गुलाम मुक्त झाले. मालकांना प्रत्येक गुलामामागे ३०० पेसो भरपाई ठरली आणि ती भागवली ग्वानोच्या कमाईतून.

पण बेटांवर ग्वानो खणत कोण होतं?

कास्तिया यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, १८४९ मध्ये, चिनी मजूर आणण्याचा कायदा झाला. त्याचा मक्ता मिळालेल्यांपैकी एक होते दोमिंगो एलियास. चिंचा बेटांवर ग्वानो भरण्याचं कंत्राटही त्यांच्याकडेच होतं! मजुरांचा करार ८ वर्षांचा. कडक ऊन, नाकाडोळ्यांत जाणारी अमोनियाची धूळ, वर मुकादमाचा चाबूक. सुटकेचा मार्ग नसलेल्या कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या मारल्या.

बोभाटा झाल्यावर १८५६ मध्ये कास्तिया सरकारने चिनी मजूर आणण्यावर बंदी घातली, पण १८६१ मध्ये हा व्यापार पुन्हा सुरू झाला. १८७४ पर्यंत सुमारे १ लाख चिनी मजूर पेरूत आले. यातले बहुतेक ऊस आणि कापसाच्या मळ्यांवर राबले.

१८६७ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, आणखी एका बंडासाठी घोड्यावरून निघालेल्या कास्तिया यांचा वाळवंटातच मृत्यू झाला.

हजारो लोकांच्या बेड्या त्यांनी तोडल्या, हे खरंच. पण त्या तोडण्याची किंमत बेटांवरच्या मजुरांनीही चुकवली आणि त्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत.