धानाच्या लोंब्या जमवणारा माणूस

आमचे लहानपण गोंदियाकडच्या धानाच्या मुलखात गेले. आजीच्या कोठीत चिन्नोर वेगळा, लुचई वेगळी. पाहुणा आला की चिन्नोर शिजायचा, एरवी जाडा तांदूळ. पुढे बांध्यांमध्ये बुटके वाण आले, कोठीतली जुनी नावे एकेक करून गेली आणि खरे सांगायचे तर त्याची खंत कुणालाच वाटली नाही. मलाही नाही. डॉ. राधेलाल रिछारियांची हकिगत वाचली तेव्हा मात्र आजीची कोठी आठवली.

केंब्रिजची डॉक्टरेट मिळवलेले रिछारिया 1959 मध्ये कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. बंगालच्या 1943च्या दुष्काळानंतर, 1946 मध्ये उभी राहिलेली ही संस्था. पुढे तैवान आणि फिलिपाइन्सचे बुटके, खताला भुकेले वाण देशभर पेरायचे ठरले. हे वाण रोग-किडींना लवकर बळी पडतात, तपासणीविना परदेशी बियाणे आणू नका, असे रिछारिया सांगत राहिले. 1965-66चा दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हावर चाललेला देश. सरकारची घाई समजण्यासारखी होती. पण विरोध करणाऱ्या संचालकाला सक्तीने घरी बसवणे समजण्यासारखे नव्हते. ते हायकोर्टात गेले. घरची ओढाताण झाली. 1970 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. तोवर पूर्व भारतात टुंग्रो रोगाने पिके पिवळी पडलेली लोकांनी पाहिली होती.

दुसरा कुणी असता तर पेन्शन घेऊन स्वस्थ बसला असता. हे रायपूरला गेले. मध्य प्रदेश सरकारच्या तिथल्या भात संशोधन संस्थेचे वार्षिक बजेट वीस हजार रुपयांच्या आसपास, माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांनी गावोगाव फिरून 17,000हून अधिक नमुने गोळा केले.

एवढी जाती हव्यात कशाला? छत्तीसगडचा शेतकरी भाठा जमिनीत हलका धान टाकतो, तो पाऊस संपायच्या आत हाती येतो आणि ऐन टंचाईत घराला तारतो. खोलगट कन्हार जमिनीत भारी धान. पावसाने दगा दिला तरी सगळेच बुडत नाही. तिथे बियासीची पद्धत: बी फेकून पेरायचे, पाणी साचले की उभ्या पिकातच नांगर घालायचा. त्यात करगा, म्हणजे जंगली धान, माजतो. कोवळेपणी दोन्ही सारखेच दिसतात, निंदणाऱ्या बाईला कळणार कसे? म्हणून काही शेतकरी जांभळ्या पानांचा धान पेरत. हिरवे दिसले की उपटा. देशी वाण कमीच पिकतात हा समजही रिछारियांनी खोडून काढला. त्यांतले काही भरघोस उतारा देत होते.

1978 मध्ये ही संस्थाच बंद केली गेली आणि संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला. आज तो रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात आहे. 2002 मध्ये सिंजेंटा कंपनीशी त्याबाबत करार होऊ घातला, तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि कंपनीने माघार घेतली. हे पाहायला रिछारिया नव्हते; 1996 मध्येच ते गेले.

परवा गोंदियाच्या बाजारात मी लुचई मागितली. दुकानदाराने नाव दोनदा विचारून घेतले आणि आतल्या आपल्या म्हाताऱ्या वडिलांना हाक मारली.